नाकाने घडवलेला मेंदू

सिल्लोडहून निघालेला रस्ता गोळेगाव आणि अजिंठा गाव मागे टाकून घाट उतरतो, फर्दापूर लागते आणि थोड्याच अंतरावर खानदेश सुरू होतो. आज इथे जिल्हा बदलतो, १९११ साली राज्य बदलत असे. सिल्लोड-अजिंठ्याचा मुलूख निजामाच्या औरंगाबाद जिल्ह्यात होता, तर पलीकडचा पूर्व खानदेश, म्हणजे आताचा जळगाव जिल्हा, इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. त्या वर्षी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हिंदुस्थानातल्या सस्तन प्राण्यांची पाहणी हाती घेतली आणि कामाचा नारळ फोडला तो खानदेशात.

या पाहणीमागे दोन माणसांची चिकाटी होती. सोसायटीचे मानद सचिव वॉल्टर मिलार्ड यांनी वर्गण्या गोळा करून पैसा उभा केला. मुंबई इलाख्याच्या जंगल खात्यातून निवृत्त झालेले रॉबर्ट रॉटन यांनी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये बसून नमुन्यांचा अभ्यास अंगावर घेतला. प्राणी गोळा करण्यासाठी सी. ए. क्रंप खानदेशात उतरले. पुढे हे काम १९२३ पर्यंत चालले, ब्रह्मदेश आणि सिलोनपर्यंत पोचले आणि सुमारे २५ हजार नमुने जमा झाले. उंदीर-घुशींपासून कोल्ह्या-तरसांपर्यंत आपल्याकडच्या प्राण्यांची शास्त्रीय ओळख बऱ्याच अंशी या पाहणीवर उभी आहे.

कामाची पद्धत ठरलेली होती. तिन्हीसांजेला सापळे लावायचे, उजाडताच ते फिरून पाहायचे. मिळालेला प्राणी ताजा असतानाच मोजायचा: डोक्यासह धडाची लांबी, शेपूट, मागचे पाऊल, कान. मग कातडे सोलून, आतून औषध लावून कापूस भरायचा, कवटी साफ करायची आणि पायाला चिठ्ठी बांधायची. तिच्यावर ठिकाण, तारीख, नर की मादी आणि ही मापे. प्राणी दिसतो कसा, हे सांगायला एवढे पुरेसे होते. त्याच्या अंगाला वास कसला येतो, त्याच्या ग्रंथी कुठे आहेत, तो कशाचा माग कसा काढतो, यासाठी चिठ्ठीवर जागा नव्हती. वाळलेल्या कातड्यात वास उरतही नाही. चिचुंद्रीच्या अंगाचा दर्प घरभर पसरतो हे खेड्यातल्या पोरालाही ठाऊक असते, पण संग्रहालयाच्या कपाटात ठेवलेली चिचुंद्री मुकी होते.

यात क्रंप यांचा दोष नव्हता. त्या काळच्या शास्त्राने नाकाला खालच्या पंगतीला बसवले होते, आणि त्या निवाड्याला तोवर तीसेक वर्षे होऊन गेली होती.

ब्रोकांचा निवाडा

पॉल ब्रोका हे पॅरिसचे शल्यविशारद. वाचेचे केंद्र मेंदूत कुठे असते हे दाखवून त्यांनी कीर्ती मिळवली होती. १८७०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी निरनिराळ्या सस्तन प्राण्यांचे मेंदू शेजारी शेजारी ठेवून पाहिले. मेंदूच्या पुढच्या टोकाला, नाकाच्या मुळाशी, वासाचे संदेश घेणारा एक उंचवटा असतो. त्याला घ्राणकंद म्हणतात. कुत्र्यात, सशात, गाईत तो ठसठशीत दिसतो. माणसात तो कपाळामागच्या भल्यामोठ्या मेंदूखाली दडपलेला, आगपेटीच्या काडीएवढा. ब्रोकांनी १८७९ साली सस्तन प्राण्यांची सरळ विभागणी करून टाकली: वासावर जगणारे आणि वासाला पारखे झालेले. दुसऱ्या गटात डॉल्फिनच्या जोडीला त्यांनी माणसाला बसवले.

या निवाड्यासाठी ब्रोकांनी एकाही माणसाला काही हुंगायला दिले नाही. त्यांचा आधार विचारसरणीचा होता. कपाळामागचा मेंदू म्हणजे विवेक, स्वतंत्र इच्छा, संस्कृती. घ्राणकंद म्हणजे पशुत्व. एक वाढले म्हणजे दुसरे घटलेच पाहिजे, असा तो हिशेब. डार्विन यांनीही १८७१ साली माणसाला वासाचा उपयोग अगदी थोडा असल्याचे लिहून ठेवले होते. पुढे फ्रॉइड यांनी १९३० साली, माणूस दोन पायांवर उभा राहिला तेव्हा त्याचे नाक जमिनीपासून दूर गेले आणि वासाचे महत्त्व ओसरले, अशी मांडणी केली. एका माणसाच्या मापातून निघालेले मत तीन पिढ्यांत पाठ्यपुस्तकातले सत्य होऊन बसले.

त्याचा परिणाम असा झाला की डोळा आणि कान यांच्या अभ्यासाला प्रयोगशाळा मिळाल्या आणि नाक अडगळीत राहिले. प्रकाशाची तरंगलांबी मोजता येते, आवाजाचे कंप मोजता येतात; वासाला माप नाही, ही अडचण खरी होती. पण त्याहून मोठी अडचण ही होती की ज्या जाणिवेला आपण जनावराची म्हणून हिणवले, तिच्यापाशी बसायला फारसे कोणी तयार नव्हते.

नाके पाहणारे पोकॉक

जे मोजके लोक बसले, त्यांत रेजिनाल्ड पोकॉक होते. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाचे ते १९०४ ते १९२३ अधीक्षक. तिथे मेलेला प्राणी त्यांच्या टेबलावर यायचा आणि इतर जण ज्याकडे ढुंकून पाहत नसत, नेमके तेच ते पाहायचे: नाकाचा शेंडा, खुरांमधली फट, डोळ्याखालची खाच, शेपटीखालची ग्रंथी. १९१० साली त्यांनी रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या त्वचेतील गंधग्रंथींवर सविस्तर लेखन केले.

त्यांच्या नजरेने आपल्या माळरानाकडे पाहावे. काळविटाच्या डोळ्यापुढे एक काळी खाच असते. नर झुडपाच्या काटकीशी तोंड नेतो, काटकी त्या खाचेत हलकेच घालतो आणि तिच्यावर चिकट स्राव लावून पुढे जातो. रोही एकाच जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतो, त्यांचा ढीग होतो आणि तो ढीगच त्या भागातल्या रोह्यांचा निरोप्या ठरतो. तरस गवताच्या काडीवरून मागचा भाग घासत जातो आणि काडीवर पिवळसर मलमासारखा थर ठेवतो. आपण तिथून जातो तेव्हा आपल्याला फक्त गवत दिसते. दुसऱ्या तरसाला त्याच काडीवरून कोण गेले आणि किती वेळापूर्वी गेले, हे सगळे कळते.

पोकॉक यांची सर्वांत दूरगामी नोंद नाकाच्या शेंड्याविषयी आहे. कुत्र्याच्या नाकाचा शेंडा ओला, उघडा आणि मधोमध चीर असलेला असतो. लेमूर आणि दक्षिण भारतातला लॉरिस यांचेही नाक असेच. पण टार्सियर, माकडे, वानर आणि माणूस यांचा शेंडा कोरडा, केसाळ कातडीचा, चीर नसलेला. १९१८ साली पोकॉक यांनी या खुणेवरून कोरड्या नाकाच्या प्राण्यांचा वेगळा गट मांडला, आणि शंभर वर्षांनंतर जनुके तपासल्यावरही तो गट टिकून आहे. अजिंठ्याच्या लेण्यांबाहेर कठड्यावर बसलेले वानर जवळून पाहिले तर नाकाच्या बाबतीत ते खालच्या वस्तीतल्या कुत्र्यापेक्षा आपल्या जवळचे आहे, हे सहज दिसते.

ओल्या नाकाचा संबंध आतल्या आणखी एका इंद्रियाशी आहे. डॅनिश शल्यविशारद लुडविग जेकबसन यांनी १९व्या शतकाच्या आरंभी त्याचे वर्णन केले: टाळूच्या वर, नाकाच्या पडद्याच्या तळाशी असलेली एक नळीवजा पिशवी. वळू गाईचे मूत्र हुंगतो आणि मान वर करून वरचा ओठ उलटा दुमडतो, बोकडही तेच करतो. तेव्हा तो वास या पिशवीकडे पोचवत असतो. गाय माजावर आहे की नाही, हे त्याला तिथे कळते. आपल्या पूर्वजांत आणि वानरांच्या पूर्वजांत या इंद्रियाला लागणारे एक महत्त्वाचे जनुक सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी निकामी झाले, हे २००३ साली उघड झाले. पोकॉक यांनी बाहेरून पाहिलेल्या कोरड्या नाकामागे आत काय काय बदलले, याची ही पुढची पायरी होती.

निवृत्तीनंतर पोकॉक ब्रिटिश म्युझियममध्ये गेले. तिथे त्यांच्यासमोर मुंबईच्या पाहणीतली कातडी आणि कवट्या होत्या. त्यांच्या आधारे ब्रिटिश हिंदुस्थानातल्या सस्तन प्राण्यांवरचे त्यांचे दोन खंड १९३९ आणि १९४१ साली निघाले. खानदेशात सुरू झालेले काम आणि लंडनमध्ये नाकांचा अभ्यास करणारा माणूस यांची गाठ अशी पडली.

कुलाब्यातल्या माश्या

वासाच्या अभ्यासाला आपल्या देशात खरे घर मिळाले ते मुंबईत. १९६२ साली होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू करण्यासाठी ओबेद सिद्दीकी या तरुण शास्त्रज्ञाला बोलावले. अणुविज्ञान आणि गणितासाठी ओळखल्या जाणाऱ्या त्या संस्थेत सिद्दीकींनी जीवाणूंच्या जनुकांपासून सुरुवात केली आणि १९७०च्या दशकात ते फळमाशीच्या वासाकडे आणि चवीकडे वळले.

त्यांच्या विद्यार्थिनी वेरोनिका रॉड्रिग्ज. कुटुंब मूळचे गोव्याचे, जन्म केनियातला, शिक्षण डब्लिनला. सिद्दीकींचे काम वाचून त्या मुंबईला आल्या. त्यांचा प्रयोग ऐकायला साधा आहे. बशीच्या एका बाजूला वासाचा थेंब ठेवायचा, मध्ये अळ्या किंवा माश्या सोडायच्या आणि त्या कुठे जातात ते मोजायचे. हजारोंतली एखादी माशी वासाकडे वळत नाही. तिला वेगळी काढायची, तिची वीण वाढवायची आणि तिच्यात कोणते जनुक बिघडले आहे ते शोधायचे. १९७८ साली या दोघांनी वास आणि चव यांच्या जनुकांवरचे आपले काम प्रसिद्ध केले. वास हा चंचल, हाती न लागणारा विषय नसून तो जनुकांच्या भाषेत उलगडता येतो, हे त्यांनी कुलाब्यात बसून दाखवून दिले.

माशीचा सस्तन प्राण्यांशी संबंध काय, असे वाटू शकते. माशी वास घेते शृंगिकांनी, आपण नाकाने. दोघांचे वास ओळखणारे रेणूही वेगळ्या कुळातले आहेत. तरीही आतली बांधणी आश्चर्य वाटावे इतकी सारखी निघाली. एकाच प्रकारचा वास ओळखणारे मज्जातंतू मेंदूत एकाच बारीक गुच्छात येऊन मिळतात, माशीतही आणि उंदरातही. उत्क्रांतीला हा प्रश्न दोन वेगळ्या वाटांनी सुटला आणि उत्तर जवळपास एकच आले.

सस्तन प्राण्यांतली बाजू १९९१ साली उलगडली. न्यूयॉर्कला लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी मोठ्या उंदराच्या नाकातल्या आवरणात जनुकांचे एक प्रचंड कूळ शोधले. प्रत्येक जनुक एक ग्राहक रेणू बनवते, आणि वासाची प्रत्येक पेशी त्यांतला एकच रेणू वापरते. एक ग्राहक अनेक पदार्थांना प्रतिसाद देतो, एक पदार्थ अनेक ग्राहकांना जागवतो. मुळाक्षरे मोजकी असावीत आणि त्यांतून शब्द अगणित व्हावेत, तसा हा कारभार चालतो. उंदराच्या जनुकांचा इतका मोठा हिस्सा नाकासाठी राखून ठेवलेला पाहून शास्त्रज्ञांना नाकाच्या मोठेपणाची नव्याने जाणीव झाली. बक आणि ॲक्सेल यांना २००४ सालचे नोबेल मिळाले.

सिद्दीकींनी पुढे बंगळुरूला राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभारले. त्याच केंद्रातून २००६ साली राघव राजन, जेम्स क्लेमंट आणि उपिंदर भल्ला यांचा एक देखणा प्रयोग आला. उंदराला वास डावीकडून आला की उजवीकडून, हे ओळखायला शिकवले. उंदराने एक-दोन हुंगण्यांत दिशा अचूक सांगितली. दोन डोळ्यांनी आपण जसे अंतर ओळखतो तशी उंदराच्या दोन नाकपुड्या दिशा ओळखतात. अंधारात भिंतीच्या कडेने धावणाऱ्या उंदराला वळायचे कुठे, हे नाक सांगते.

वाघ आणि तांदूळ

प्रयोगशाळेबाहेर, थेट जंगलात, वासाचा माग काढणारा माणूस कोलकात्यात होता. रतनलाल ब्रह्मचारी हे सत्येंद्रनाथ बोस यांच्या हाताखाली भौतिकशास्त्र शिकलेले. पण मन रमले ते प्राण्यांत. १९७०च्या दशकात ओडिशात सिमलीपालच्या जंगलालगत जशीपूरला, वनाधिकारी सरोजराज चौधरी यांच्या घरी खैरी नावाची वाघीण वाढत होती. तिच्यामुळे वाघाच्या गंधस्रावाचा जवळून अभ्यास करता आला.

वाघ झाडाकडे पाठ करतो, शेपूट वर उचलतो आणि मागे, वरच्या दिशेने, बुंध्यावर जोरात फवारा मारतो. साध्या लघवीपेक्षा ही क्रिया वेगळी आहे. फवाऱ्यात मूत्राबरोबर स्निग्ध पदार्थ असतात, ते सालीला धरून राहतात आणि वास लवकर उडू देत नाहीत. फवारा साधारण वाघाच्या नाकाच्या उंचीवर पडतो, म्हणजे पुढच्या वाघाला मान वाकवावी लागत नाही. ब्रह्मचारींच्या लक्षात आले की या फवाऱ्याला सुवासिक तांदळाचा वास येतो. १९९० साली त्यांनी मौसुमी पोद्दार-सरकार आणि ज्योतिर्मय दत्त यांच्यासह ‘नेचर’ नियतकालिकात नोंद दिली: बासमतीला ज्या रेणूमुळे सुगंध येतो, तोच वाघाच्या स्रावातही आहे.

हा रेणू तांदळात अमेरिकेतल्या रॉन बटरी यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ओळखला होता. आपल्या आंबेमोहराच्या दरवळामागेही तोच आहे; पुणे विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्र विभागात अल्ताफहुसेन नदाफ यांनी सुगंधी भातांतल्या या रेणूवर बरेच काम केले आहे. विशेष म्हणजे पाण्यात अब्जावा भागाचा दहावा हिस्सा इतका अल्प असला तरी माणसाच्या नाकाला तो कळतो. चुलीवर आंबेमोहर शिजू लागला की गल्लीच्या टोकाला कळते, ते याच तल्लखपणामुळे. ब्रोकांच्या हिशेबात हे नाक बसत नाही.

वाघाला या फवाऱ्यांची गरज किती, हे २०१९ साली अजिंठ्याच्या डोंगररांगेने पाहिले. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यात रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण वाघ हद्दीच्या शोधात बाहेर पडला. तेलंगणाची सीमा ओलांडून, विदर्भ-मराठवाड्यातली शेते, नाले, रस्ते पार करत १३०० किलोमीटरहून अधिक चालून तो डिसेंबर महिन्यात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. हे अभयारण्य अजिंठ्याच्याच रांगेत आहे. २०२१च्या मार्चमध्ये टिपेश्वरचाच दुसरा एक वाघ याच डोंगरांच्या पश्चिमेला, कन्नड-चाळीसगावच्या गौताळा औट्रम घाट अभयारण्यात दिसला. तिथे वाघ येऊन कित्येक दशके लोटली होती.

कॉलरने वनविभागाला वाघ कुठे आहे ते सांगितले. वाघाला मात्र दुसरा वाघ कुठे आहे हे फक्त वास सांगतो. नव्या मुलखात शिरलेला तरुण नर झाडांचे बुंधे हुंगत जातो. वास असला तर जागा कोणाची तरी आहे. ताजा असला तर जपून राहायला हवे. मादीचा असला तर थांबायला हवे. एकही बुंधा बोलत नसेल तर तो पुढे चालत राहतो. या वाघांच्या शेकडो किलोमीटरच्या भटकंतीकडे मला तसे पाहावेसे वाटते: भक्ष्याच्या आणि आडोशाच्या शोधाइतकाच तो आपल्यासारख्याच्या वासाचाही शोध होता.

काळ्या दगडाचा काळ

हे सगळे सुरू कधी झाले, याचे उत्तर सिल्लोड तालुक्याच्या पायाखालच्या दगडाच्याही मागे जाते. अजिंठ्याची लेणी ज्या काळ्या बेसाल्टात कोरली, तो दख्खनच्या लाव्हाचा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. डायनोसॉर संपले तो हा काळ. लाव्हाच्या दोन थरांमध्ये जिथे तळ्यांचा गाळ साचला, तिथे जीवाश्म मिळतात. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी १९व्या शतकाच्या मध्यात अशा थरांचा अभ्यास सुरू केला. १९८८ साली हैदराबादजवळच्या नासकल गावी अशाच गाळात जी. व्ही. आर. प्रसाद आणि अशोक साहनी यांना इवल्याशा सस्तन प्राण्याचे दात सापडले. त्याला नाव मिळाले डेक्कनोलेस्टिस हिस्लॉपी. पठाराचे आणि हिस्लॉप यांचे नाव मिरवणारा, झाडावर वावरणारा, किडे खाणारा हा जीव चिचुंद्रीएवढाच असावा.

त्याची कवटी हाती नाही, पण त्याच्याही खूप आधीच्या दोन कवट्यांनी मोठे कोडे सोडवले. मॉर्गन्युकोडॉन आणि हॅड्रोकोडियम हे प्राणी जवळपास २० कोटी वर्षांपूर्वीचे. हॅड्रोकोडियमची कवटी जेमतेम १२ मिलीमीटर, आणि अंदाजे वजन २ ग्रॅम. इतकी नाजूक कवटी फोडून पाहणे शक्यच नव्हते. टेक्सासचे टिमथी रो, थॉमस मॅक्रिनी आणि झे-शी लुओ यांनी क्ष-किरणांच्या मदतीने कवटीच्या आतल्या पोकळीचा आकार उभा केला. २०११ साली त्यांनी निष्कर्ष मांडला: सस्तन प्राण्यांचा मेंदू टप्प्याटप्प्याने मोठा झाला, आणि पहिल्या टप्प्यात वाढला तो मुख्यतः वासाचा भाग. केसांतून मिळणाऱ्या स्पर्शाच्या जाणिवेनेही त्यात भर घातली. पुढच्या टप्प्यात पुन्हा वास वाढला, आणि नाकात कागदासारख्या हाडांच्या गुंडाळ्या तयार होऊन वासाच्या पेशींना पसरायला भरपूर जागा मिळाली.

डायनोसॉरांच्या जगात दिवस मोठ्यांचा होता. आपले पूर्वज रात्री बाहेर पडत. अंधारात किडा कुठे, शत्रू कुठे, पिल्लू आपले की दुसऱ्याचे, हे नाकाने ठरवावे लागे. वास डोळ्यासमोरच्या क्षणापुरता नसतो. तो घडून गेलेल्याची आणि पुढे लागणाऱ्याची बातमी देतो. ती बातमी साठवायला आणि ताडून पाहायला मेंदू लागतो. ज्या कपाळामागच्या मेंदूचा ब्रोकांना अभिमान होता, त्याची पायाभरणी अशी नाकाने केली होती.

त्या पायावर प्रत्येक कुळाने आपापले घर बांधले. २०१४ साली योशिहितो निइमुरा आणि सहकाऱ्यांनी अनेक प्राण्यांतली वासाची चालू जनुके मोजली. आफ्रिकन हत्तीत ती जवळपास १९५० निघाली, तपासलेल्या सर्व प्राण्यांत सर्वाधिक. गाईत सुमारे १२००, घरच्या उंदरात ११००हून अधिक, कुत्र्यात सुमारे ८००, माणसात सुमारे ४००. अजिंठ्याच्या १०व्या आणि १७व्या लेण्यांतल्या षड्दंत जातकाच्या चित्रांत सोंडा उंचावलेले हत्ती आहेत. चित्रकाराने पाहून टिपलेली ती सोंड पृथ्वीवरच्या सर्वांत समृद्ध नाकांपैकी एक आहे. आणि गोठ्यात वासराला चाटत, हुंगत आपले म्हणून ओळखणारी गाय जनुकांच्या संख्येत कुत्र्याच्याही पुढे आहे.

माणसाचे नाक

मग ४०० जनुकांचा माणूस दुबळाच ठरतो का? इथेही मोजल्यावर चित्र बदलले. २००७ साली कॅलिफोर्नियात बर्कलेला संशोधकांनी गवतावर चॉकलेटच्या वासाची दोरी १० मीटर पसरली. डोळ्यांवर पट्टी, कानांवर आवरण, हातांत जाड मोजे घालून माणसांना रांगायला लावले. तीनपैकी दोघांनी केवळ नाकाच्या आधारे माग काढला. सरावाने ते आणखी वेगाने काढू लागले. दोन नाकपुड्यांतल्या फरकाचा उपयोग माणूसही करतो, हे तिथे दिसले. २०१७ साली जॉन मॅकगॅन यांनी ब्रोकांपासूनचा सगळा इतिहास तपासला आणि माणसाचे नाक कमकुवत असल्याची समजूत ही १९व्या शतकातली दंतकथा असल्याचे ‘सायन्स’मध्ये लिहिले. घ्राणकंद मेंदूच्या तुलनेत लहान दिसतो कारण मेंदू मोठा आहे. कंदातल्या पेशींची संख्या मात्र इतर सस्तन प्राण्यांच्या पंक्तीत बसणारी आहे.

तीन वर्षांनी साऱ्या जगाला नाकाची किंमत कळली. २०२० साली कोविडमध्ये लाखो लोकांचा वास गेला. पुण्याच्या आयसर संस्थेत निक्सन अब्राहम यांचा गट त्याआधी उंदरांच्या वासावर काम करत होता. बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांसोबत त्यांनी वास मोजणारे उपकरण तयार केले. ठरावीक वास, ठरावीक तीव्रतेने नाकापर्यंत सोडायचे आणि माणसाला कोणता कळतो ते नोंदवायचे. कोणतीही लक्षणे नसलेल्या कोविडबाधितांतही वास मंदावल्याचे त्यात दिसले, आणि त्यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नव्हता. जनावरांच्या जाणिवेचा अभ्यास असा माणसाच्या कामी आला. विषाणूचा घाला मुख्यतः वासाच्या मज्जातंतूंवर नव्हे, तर त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर होतो, हेही त्याच वर्षी समजले; म्हणूनच अनेकांचा वास पुढे परत आला.

सिल्लोड हा मिरचीचा तालुका. मिरचीचे ढीग उलगडताना लागणारा ठसका हा वास नव्हे; तिखटाची जाणीव वेदना आणि उष्णता ओळखणाऱ्या वेगळ्या मज्जातंतूंकडून येते. तिचा ग्राहक डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ साली शोधला आणि २०२१ सालच्या नोबेलमध्ये त्या कामाचा मान झाला. सस्तन प्राण्यांना मिरची झोंबते. पक्ष्यांतल्या त्याच ग्राहकावर तिखटाचा परिणाम होत नाही, म्हणून पोपट खुशाल मिरची खातो. वास आणि ठसका यांतला फरक इथे यासाठी महत्त्वाचा की वास गेलेल्या माणसाला फोडणीचा ठसका लागत राहतो आणि आपले नाक शाबूत आहे असे त्याला वाटते. त्याच वेळी स्वयंपाकाच्या गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेला मर्कॅप्टनचा वास त्याच्यापर्यंत पोचत नसतो. नळी गळते आणि घरात कळत नाही.

वास मंदावणे हे कंपवाताचे एक लवकरचे लक्षण आहे. हात थरथरू लागण्याच्या कित्येक वर्षे आधी ते दिसू शकते. तरी आपल्या तालुक्यांच्या गावी डोळे तपासणीची शिबिरे भरतात, कानाची यंत्रे वाटली जातात आणि वयस्कर माणसाला वास येतो का, हे कोणी विचारत नाही. ब्रोकांचा निवाडा शास्त्राने फेटाळला, पण दवाखान्यांत आणि घरांत तो अजून चालू आहे. घरातल्या तीन ओळखीच्या वस्तू, कॉफीची पूड, लवंग आणि साबण, डोळे मिटून ओळखायला लावणे हे काही रोगाचे निदान नव्हे. पण डॉक्टरकडे जायला हवे का, एवढे त्यावरून कळू शकते. आशा ताई घरोघर जातात, रक्तदाब मोजला जातो. त्यात हा एक प्रश्न घालायला खर्च येत नाही. ज्या जाणिवेने आपला मेंदू घडवला, तिची वर्षातून एकदा विचारपूस करणे हे आता आपल्या आरोग्यव्यवस्थेचे काम आहे.